परके समालोचन, नवा मिडफिल्डर आणि टिळकवाडीतील एक माडी : एक प्रकरण अभ्यास

बेळगावात टिळकवाडीतील एका मित्राच्या घराच्या माडीवर आम्ही पंधरा-सोळा जण गेली काही वर्षे लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचे सामने एकत्र पाहतो. खडेबाजारात कापडाचे दुकान चालवणारे एक काका, उद्यमबागेतील फौंड्रीत मोल्डिंगचे काम करणारे दोघे, अनगोळचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कॅम्पातील दोन भाऊ, सुट्टीच्या दिवशी खानापूरहून येणारे एक शिक्षक आणि उरलेले शेजारपाजारचे, अशी ही मंडळी आहे. बोलणे मराठीत चालते, त्यात कन्नड सहज मिसळते आणि पडद्यावरचे समालोचन इंग्रजीत असते. ऑगस्ट २०२३ मध्ये वातारू एन्डो हा जपानी मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) संघात आला, तेव्हा प्रसारमाध्यमांनी त्याच्याविषयी जे म्हटले आणि ते ऐकून या माडीवर पुढचे सहा-सात महिने जे घडत गेले, त्याची ही नोंद आहे. मी त्या गटातलाच एक आहे. गटाचे जुने निरोप सर्वांच्या संमतीने पुन्हा वाचून हे लिहिले आहे आणि त्यातील कोणाचेही नाव येथे दिलेले नाही.

प्रकरण मांडण्याचे कारण आधीच सांगतो. इंग्लंडमधील माध्यमांनी त्या आठवड्यात केलेली टीका मुख्यतः क्लबच्या कारभारावर होती. ती आमच्या मराठीत उतरता उतरता खेळाडूच्या अंगावर गेली, आणि ती तिथे का चिकटून राहिली हे मला महत्त्वाचे वाटते.

जागा कशी रिकामी झाली

२०२३ च्या जुलैमध्ये लिव्हरपूलचे दोन जुने मिडफिल्डर, कर्णधार जॉर्डन हेंडरसन आणि फाबिन्यो, सौदी अरेबियातील क्लबांकडे गेले. अॅलेक्सिस मॅक अॅलिस्टर आणि डॉमिनिक सोबोस्लाई हे दोघे त्याआधीच आले होते, पण बचावफळीच्या पुढे उभे राहून समोरच्याचा हल्ला सुरुवातीलाच मोडणारा, ज्याला आमच्याकडे लेले मैदानावरची मुलेही ‘सहा नंबर’ म्हणतात, तसा खेळाडू संघात उरला नव्हता. ऑगस्टमध्ये क्लबने ब्रायटनच्या मोइसेस कैसेदोसाठी ११ कोटी १० लाख पौंडांचा सौदा ब्रायटनशी ठरवला. परंतु कैसेदोने चेल्सीच पसंत केले आणि १४ ऑगस्टला तो ११ कोटी ५० लाख पौंडांपर्यंत जाणाऱ्या, तोवरच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला तिकडे गेला. त्यानंतर ज्याच्यामागे लिव्हरपूल लागले होते तो साउदम्प्टनचा रोमिओ लाव्हियाही चेल्सीकडेच गेला. त्याचा करार १८ ऑगस्टला जाहीर झाला आणि त्याच शुक्रवारी लिव्हरपूलने एन्डोचे नाव जाहीर केले. वय ३०, किंमत सुमारे १ कोटी ६० लाख पौंड, आधीचा क्लब जर्मनीतील स्टुटगार्ट.

तो स्टुटगार्टचा आणि जपानच्या राष्ट्रीय संघाचा कर्णधार होता. मे २०२२ मध्ये मोसमाच्या शेवटच्या दिवशी कोलोनविरुद्ध भरपाईच्या वेळेत त्याने डोक्याने मारलेल्या गोलामुळे स्टुटगार्ट पहिल्या श्रेणीत टिकले होते आणि २०२०-२१ व २०२१-२२ या दोन्ही मोसमांत बुंडेसलिगा या जर्मनीच्या पहिल्या श्रेणीतील चेंडूसाठीच्या सर्वाधिक समोरासमोरच्या झुंजी त्याने जिंकल्या होत्या. हे सर्व आमच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्याच दिवशी शोधून गटात टाकले होते. त्या निरोपाला एकाचेही उत्तर आलेले नाही. आज ते निरोप ओळीने वाचताना ही एक जागा मला फार बोलकी वाटते, कारण त्याच्या वरचे आणि खालचे निरोप रागाने भरलेले आहेत आणि मध्ये ही माहिती कोणी हात न लावता पडून आहे.

टीका मराठीत आली तेव्हा

इंग्लंडमधील वाहिन्यांवर आणि वृत्तपत्रांत त्या आठवड्यात साधारण एकच सूर होता : दोन तरुण, महागडे खेळाडू हातचे गेल्यावर क्लबने घाईघाईने तिशीतला, स्वस्तातला, फारसा कोणाला माहीत नसलेला खेळाडू घेतला. यासाठी तिकडे ‘पॅनिक बाय’ असा ठरलेला शब्दप्रयोग आहे. या शब्दात घाबरलेला कोण, तर विकत घेणारा. दोष खरेदीदाराचा आहे. घेतलेल्या वस्तूविषयी तो शब्द थेट काही सांगत नाही.

गटात हा शब्द दुपारी आला तो इंग्रजीतच, एका छोट्या चित्रफितीसोबत. तासाभरात एकाने त्याचे मराठी केले : ‘धांदलीत केलेली खरेदी’. हे अजून मूळ अर्थाला धरून होते. संध्याकाळपर्यंत ‘धांदलीत’ गळून पडले आणि ‘उरलासुरला उचलला’ असे झाले. रात्री जेवणानंतरच्या निरोपांत ‘गळ्यात पडलेला माल’ आहे. पहिल्या वाक्यात कर्ता क्लब होता, दुसऱ्यात क्लब क्रियापदाच्या आड गेला आणि तिसऱ्यात क्लब उरलाच नाही, राहिला तो माल. एका दिवसात, एकाही सामन्यात त्याला लिव्हरपूलच्या वेशात न पाहता, आम्ही कारभारावरची टीका एका माणसाच्या लायकीवरची टीका करून टाकली होती.

यात कोणी मुद्दाम काही केले असे मी मानत नाही. बाजारपेठेत वाढलेल्या माणसांच्या तोंडी खरेदीविक्रीची भाषा तयार असते आणि खेळाडूंची देवघेव ही खरेदीविक्रीच आहे, म्हणून ती भाषा आपोआप लागू झाली. गंमत नव्हे, पण विचार करण्यासारखी गोष्ट ही, की या भाषेला पहिला आक्षेप घेतला तो कापडाच्या दुकानातल्या काकांनी. शनिवारी माडीवर कोणीतरी पुन्हा ‘स्वस्तातला’ म्हणाले, तेव्हा काका म्हणाले, “स्वस्त वेगळं, हलकं वेगळं. तुम्ही दोन्ही एकच करालायसा.” त्यांनी पुढे एन्डोची बाजू घेतली असे नाही. त्यांचाही क्लबवर राग होता. पण राग कोणावर आहे हे त्यांच्या वाक्यात नेमके होते.

येथे एक वेगळी आठवण सांगणे भाग आहे. ६ डिसेंबर २०२२ रोजी सीमाप्रश्नावरून तणाव असताना हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि पुढचे काही दिवस दोन्ही राज्यांच्या वाहिन्यांवर बेळगाव दिसत राहिले. त्या दिवसांत माडीवरची हीच मंडळी बाहेरून आलेल्या प्रत्येक निवेदकाचे वाक्य तपासून घेत होती : हा कुठे उभा राहून बोलतो आहे, याने कोणाला विचारले, गणपत गल्लीत भाजी घेणारी माणसे याला दिसतात की नाही. आपल्याविषयी दूरवरून बोललेले शब्द तपासून घेण्याची सवय या भागातील मराठी माणसाला कित्येक वर्षांची आहे. तीच सवय फुटबॉलच्या बाबतीत आठ महिन्यांनंतर का जागी झाली नाही, हा प्रश्न मी गटात विचारला. खानापूरच्या शिक्षकांचे उत्तर मला पटले : बेळगावविषयी कोणी बोलले तर ताडून पाहायला आपल्याजवळ बेळगाव असते, एन्डोविषयी ताडून पाहायला आपल्याजवळ काहीच नव्हते. विद्यार्थ्याने टाकलेली माहिती होती, पण ती वाचलेली माहिती होती, पाहिलेली नव्हती.

आवाज बंद केलेला अर्धा तास

१९ ऑगस्टला, म्हणजे करार जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, अॅनफिल्ड या लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर बोर्नमथविरुद्ध सामना होता. आपल्याकडे तो संध्याकाळी साडेसातला सुरू झाला. निज श्रावण नुकताच लागला होता, पाऊस होता आणि माडीवर नेहमीपेक्षा गर्दी होती. सुरुवातीलाच गोल खाऊन लिव्हरपूलने मध्यंतरापर्यंत २-१ अशी आघाडी घेतली. ५८ व्या मिनिटाला मॅक अॅलिस्टरला लाल कार्ड दाखवले गेले (ते पुढे अपिलात रद्द झाले), ६२ व्या मिनिटाला डिओगो जोटाने तिसरा गोल केला आणि लगेच पुढच्या मिनिटाला एन्डो मैदानात उतरला. संघ दहा जणांचा, अर्ध्या तासाचा खेळ बाकी, आणि नव्या सहकाऱ्यांशी त्याची ओळखही धड झालेली नसणार.

फौंड्रीतील दोघांपैकी थोरला जो आहे, तो वीस-बावीस वर्षांपूर्वी लेले मैदानावर सहा नंबरच्या जागेवर खेळलेला. शाळेत असताना सेंट पॉल्सच्या मैदानावरील फादर एडी स्मृती स्पर्धेतही तो उतरला होता. तो गटात निरोप क्वचितच लिहितो. एन्डो आत आल्यावर समालोचक पुन्हा किंमत, वय आणि कैसेदो यांकडे वळले, तेव्हा तो म्हणाला, “आवाज बंद कर की जरा.” थोडी कुरकुर झाली, पण आवाज बंद झाला. मग तो उठून टीव्हीशेजारी जाऊन उभा राहिला. “बॉलकडं बघू नकोस, ह्याच्याकडं बघ,” असे शेजारच्या पोराला सांगत त्याने एन्डोवर बोट ठेवले.

त्यानंतरचे दृश्य माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. कॅमेरा चेंडूच्या मागे जात असल्यामुळे एन्डो वारंवार पडद्याबाहेर जाई. तो ज्या कडेने बाहेर गेला त्या कडेवर हा बोट टेकवून उभा राही आणि एन्डो पुन्हा आत येईपर्यंत तिथून हलवत नसे. वाळूने आणि धातूने काळवंडलेले ते बोट कधी डाव्या कडेला, कधी खालच्या बाजूला थांबलेले असे आणि बोर्नमथचा चेंडू मधल्या पट्ट्यात आला की एन्डो बहुधा त्या बोटाजवळूनच आत शिरे. हल्ला कुठून येणार याचा अंदाज दोघांनाही जवळजवळ एकाच वेळी येत होता. सगळेच काही बरोबर झाले नाही. एक-दोन वेळा तो उशिरा पोहोचला, एकदा घाईने पास चुकवला, आणि प्रत्येक चुकीला टीव्हीशेजारून “लेट झाला” एवढेच ऐकू येई. चूक झाली की ‘लेट’, बरोबर झाले की काहीच नाही. सामना ३-१ असा संपला.

त्या जागेवरच्या खेळाडूचे काम असे असते की ते नीट झाले तर दिसतच नाही. पुढे जाणाऱ्या पासची वाट त्याने आडवून धरली तर समोरचा तो पास देतच नाही, आणि न दिलेल्या पासविषयी समालोचकाला बोलता येत नाही. शिवाय समालोचकाच्या आवाजालाही कॅमेऱ्यासारखेच चेंडूमागे धावावे लागते. चेंडू दूर असताना मोकळ्या मिळालेल्या वेळात तो किंमत, वय, आधीचे सौदे यांविषयी बोलतो. म्हणजे ज्या क्षणी एन्डो आपले काम करत होता, नेमक्या त्याच क्षणी त्याच्या किमतीची चर्चा आमच्या कानांवर पडत होती. टीका चिकटून का राहिली, याचे माझ्या मते हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि त्यात समालोचकाचा हेतू वाईट असण्याची गरजच नाही.

कोल्हापुरात असे होत नाही. निपाणीकडचे आमचे मित्र शाहू स्टेडियमवर जातात. तिथे एखाद्या तालमीच्या फुटबॉल संघाने बाहेरून खेळाडू आणला, तर पाटाकडील असो की शिवाजी तरुण मंडळ, गॅलरीतला प्रेक्षक बावीसच्या बावीस खेळाडू एकदम पाहत असतो आणि पहिल्या अर्ध्या तासात त्याचा कौल तयार होतो. तो कौल कठोर असतो, कधी अन्यायाचाही असतो, पण तो त्याचा स्वतःचा असतो.

शरद ऋतूत काहीच बदलले नाही

पुढच्या आठवड्यात न्यूकॅसलविरुद्ध एन्डोला सुरुवातीपासून खेळवले गेले. बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइकला लाल कार्ड मिळाले, दुसऱ्या सत्रात एन्डोला बाहेर काढले आणि लिव्हरपूल २-१ असे जिंकले ते त्याच्याशिवाय. त्यानंतर बरेच आठवडे तो प्रामुख्याने युरोपातील क्लबांच्या युरोपा लीग या स्पर्धेत दिसला. ते सामने गुरुवारी, आपल्याकडे रात्री उशिरा; २६ ऑक्टोबरला तुलूझविरुद्ध त्याने लिव्हरपूलसाठी पहिला गोल केला, तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फौंड्रीची पाळी असणारा माणूस तो सामना पाहू शकत नाही. परिणाम असा, की ऑगस्टमध्ये बनलेले मत डिसेंबरपर्यंत तसेच राहिले, आणि ते पक्के होण्यासाठी नवे काही घडावेही लागले नाही.

फुलहॅम, आणि उलट दिशेची घाई

३ डिसेंबरचा फुलहॅमविरुद्धचा सामना आठवणारे बेळगावात पुष्कळ आहेत. ८० व्या मिनिटाला लिव्हरपूल २-३ असे मागे पडले, ८३ व्या मिनिटाला एन्डो बदली म्हणून आला, ८७ व्या मिनिटाला त्याने गोलसमोरच्या बॉक्सच्या कडेवरून वळवून मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि लगेच पुढच्या मिनिटाला ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डने सामना ४-३ असा जिंकून दिला. माडीवर काय झाले ते लिहिण्याची गरज नाही. खालच्या मजल्यावरून काय पडले ते विचारायला माणूस वर आला होता.

पण त्या रात्रीचे निरोप वाचताना मला आनंद कमी आणि ओळखीची अस्वस्थता जास्त वाटली. ‘गळ्यात पडलेला माल’ लिहिणाराच आता ‘सोनं निघालं’ असे लिहीत होता, आणि तिकडच्या वाहिन्यांवर त्या आठवड्यात जे सूर उमटले त्यांचेच हे मराठी होते. ऑगस्टमध्ये निंदा उसनी होती, डिसेंबरमध्ये स्तुती उसनी झाली. थोरला फौंड्रीवाला एवढा एकच निरोप लिहून गेला : “गोल मारला म्हणून चांगला झाला होय?” त्याला काहींनी फटकळपणे उत्तरे दिली. माझ्या मते त्याचा प्रश्न या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत नेमका प्रश्न आहे, कारण गोल हे त्या जागेचे काम नव्हे, आणि गोलावरून जे मत बदलते ते पुढच्या चुकीवरून परतही जाते.

त्यानंतर मॅक अॅलिस्टर जखमी झाल्याने एन्डो सलग सामने खेळला. संध्याकाळी, सोयीच्या वेळी, डोळ्यांदेखत खेळला. त्या चार आठवड्यांत गटातील तिघा-चौघांचे बोलणे बदललेले मी स्वतः ऐकले. ते त्याच्या उभे राहण्याच्या जागेविषयी बोलू लागले. बाकीच्यांचे मत बातम्यांबरोबर वरखाली होत राहिले, आणि हे मी लपवू इच्छित नाही. जानेवारीत तो आशिया चषकासाठी जपानकडून कतारला गेला, तेव्हा ‘आता मधे कोण उभा राहणार’ ही काळजी मात्र सर्वांनी व्यक्त केली.

वेम्बलीवरची कसोटी

२५ फेब्रुवारी २०२४ रोजी लंडनमधील वेम्बली मैदानावर इंग्लंडच्या लीग चषकाचा अंतिम सामना चेल्सीशीच आला. पलीकडे कैसेदो होता. लाव्हिया दुखापतीमुळे जवळजवळ सगळा मोसम बाहेरच होता. साठाव्या मिनिटाच्या सुमारास व्हॅन डाइकने डोक्याने गोल केला आणि माडी उसळली. मग व्हीएआरने (चित्रफीत पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी) तो रद्द केला, कारण बचावफळीच्या पलीकडे, म्हणजे ऑफसाइड, असलेल्या एन्डोने चेल्सीच्या लेव्हाय कोलविलची वाट अडवली होती.

येथे गटाची खरी परीक्षा झाली, कारण या वेळी समालोचन बरोबर होते. ऑफसाइड स्थितीतला खेळाडू चेंडूला शिवला नाही तरी त्याने प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीत अडथळा आणला तर तो गुन्हा ठरतो, असे नियम सांगतो, आणि विद्यार्थ्याने तो नियम वाचून दाखवला. कॅम्पातल्या धाकट्या भावाने पंचांना बरेच ऐकवले. थोरला फौंड्रीवाला म्हणाला, “त्याचीच चूक. उभा कुठं राहायचं ते त्याला कळायला पाहिजे होतं.” जो माणूस सहा महिने एन्डोची बाजू मांडत होता, त्याने पहिल्यांदा दोष दिला, आणि तो कृतीचा दोष होता, माणसाची किंमत त्यात कुठेच नव्हती. मला वाटले, ऑगस्टमध्ये आम्हाला जे जमले नाही ते हेच.

सामना जादा वेळेत गेला. प्रशिक्षक युर्गेन क्लॉपने एकामागून एक विशीतली आणि त्याहून लहान पोरे मैदानात उतरवली. त्यांच्यामागे एन्डो १२० मिनिटे उभा होता. ११८ व्या मिनिटाला व्हॅन डाइकने पुन्हा डोक्यानेच गोल केला आणि चषक १-० असा आला. रात्री गटात कैसेदो आणि एन्डो यांच्या किमती शेजारी शेजारी मांडणारी चित्रे फिरली. काकांनी लिहिले, “किंमत परत काढू नका.”

त्यानंतर

ऑगस्ट २०२४ मध्ये नवे प्रशिक्षक आर्ने स्लॉट यांच्या काळात लिव्हरपूलला त्याच जागेसाठी रेआल सोसिएदादचा मार्टिन झुबिमेंडी हवा होता. तो नाही म्हणाला आणि त्या मोसमात स्पेनमध्येच राहिला. माध्यमांतून पुन्हा क्लबच्या कारभारावर टीका सुरू झाली आणि दुपारी ती गटात आली. या वेळी पहिला मराठी निरोप असा होता : ‘क्लबला वेळेत माणूस मिळवता आला नाही.’ कर्ता वाक्यात होता. संध्याकाळी एकाने ‘मग आहे त्यावरच भागवा’ असे लिहिले, तेव्हा ‘आहे तो कोण, नाव घे’ असे उत्तर आले आणि बोलणे रायन ग्राव्हेनबर्खच्या खेळाकडे वळले, ज्याला पुढे स्लॉट यांनी त्याच जागेवर उभे केले. एन्डो त्या मोसमात बहुतेक वेळा शेवटची दहा-पंधरा मिनिटे आघाडी राखायला उतरत असे. तो उतरला की माडीवर रिमोट थोरल्याच्या हातात जातो. काका आवाज पूर्ण बंद करू देत नाहीत, त्यांना प्रेक्षकांचा आवाज हवा असतो. म्हणून तो कमी करून ठेवला जातो, इतका की शब्द कळू नयेत.